गाठी काढा, पिशवी राहू द्या

आत्याबाई,

परवा मी दवाखान्यात जाऊन आले. काळजीचं काही नाही, या वयात पोटाची काही ना काही कुरकुर चालूच असते. तिथली डॉक्टर मुलगी माझ्या नातीच्या वयाची होती. तिने पोटाला थंड, चिकट काहीतरी चोपडलं, त्यावरून यंत्र फिरवलं आणि बेंबीखालच्या उभ्या वणापाशी थबकून विचारलं, "अम्मा, ये ऑपरेशन कब का है?" मी म्हटलं, बाई, एकाच रेघेवर दोनदा कापलं आहे, पहिल्यांदा गाठी काढल्या, दुसऱ्यांदा मुलगी. तिला हसू आलं. मग पडद्याकडे बघत म्हणाली, त्या काळात पिशवी राखून नुसत्या गाठी काढल्या? हे ठरवलं कुणी? मी सांगून टाकलं, माझ्या सासूने. घरी येईपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिलं, कारण ते बरोबर नव्हतं. तुम्ही ठरवलं नव्हतंत. तुम्ही जे केलं होतंत ते त्या मुलीच्या हातात यंत्र असताना, बाहेर बायका रांगेत बसलेल्या असताना सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आज दुपारी कागद घेऊन बसले आहे.

मी भिलाईत आले तेव्हा भिलाई झालेलीच नव्हती, तिचं खोदकाम चाललं होतं. जिकडे बघावं तिकडे लाल मुरमाचे ढीग, खड्डे आणि उभे राहत असलेले लोखंडी सांगाडे. हे खलाशाच्या, म्हणजे जड लोखंड दोराने ओढून चढवायच्या, कामावर लागले होते आणि तुम्ही रेजा होतात. डोक्यावर घमेलं घेऊन दिवसभर माती आणि गिट्टी वाहायची. लग्नाच्या दिवशी एका चुलत जावेने कानात सांगितलं होतं, सासूला आत्याबाई म्हणायचं. मला सख्खी आत्या नव्हती आणि आईही लहानपणीच गेलेली, त्यामुळे तो शब्द माझ्या तोंडात लगेच बसला. कॅम्पातल्या टिनाच्या झोपडीत आपण तिघं राहायचो. संध्याकाळी तुम्ही परत यायचात तेव्हा तुमचे केस, पापण्या, लुगडं, सगळं एकाच रंगाचं असायचं. तुम्ही दारात उभ्या राहून पदर झटकता, मी तांब्यातून पाणी ओतते, आणि तुमचा खरा चेहरा हळूहळू बाहेर येतो. त्या वेळी तुम्ही काहीच बोलायचा नाहीत. भात आणि लाखोळीचं वरण पोटात गेल्यावरच तुम्हाला वाचा फुटायची.

पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली, ह्यांची नोकरी पक्की झाली आणि आपल्याला सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं. पक्क्या भिंती, अंगणात नळ, मागे मेथीचे चार वाफे होतील एवढी जागा. आता या घरात एक पाळणा तेवढा हवा, असं जो येई तो म्हणायचा. तुम्ही म्हणायचा नाहीत. माझं मात्र दर महिन्याला काहीतरी वेगळंच चाललं होतं. पाळी आली की आठ-आठ दिवस थांबायची नाही, कापडं पुरायची नाहीत. तुम्ही कामावर गेलात की मी ती धुवायचे आणि मागच्या भिंतीआड वाळत घालायचे, तुमच्या नजरेला पडू नयेत म्हणून. मला वाटायचं, ज्या बाईला मूल होत नाही तिच्या अंगातून सगळं असंच वाहून जात असेल. कुणाला विचारणार? आणि मग पोट वर येऊ लागलं.

तेलुगू शेजारीण सगळ्यांत आधी हसली. दुसऱ्या दिवशी तिने कैऱ्या आणून दिल्या, मीठ-तिखट लावून, पानावर. बाकीच्या बायकाही जमल्या. कितवा महिना, काय खावंसं वाटतं, विचारू लागल्या. मी कैरीची फोड हातात धरून उभी. तेवढ्यात तुम्ही कामावरून आलात. तुम्ही पानाकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि तुमच्या त्या लाल धूळ बसलेल्या तोंडावर काहीतरी उजळलं. आजपर्यंत त्या घटकेइतकं अवघड मला काही गेलेलं नाही. घरात आल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "खरं आहे का वो पोरी?" मी मान हलवली. नाही. महिन्याचं चुकलेलं नाही, उलट थांबतच नाही, एवढं सांगितलं आणि रडायला लागले.

तुम्ही चिडलात. इतक्या चिडलेल्या तुम्हाला मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "कावून सांगितलं नाही? मी काय मेली होती? इतके दिवस एकटीच सोसून राहिली आणि माह्यासमोर भात वाढून राहिली!" तुम्ही माझे दोन्ही डोळे खालून ओढून बघितलेत, नखं बघितलीत, तळहात उलटा करून बघितलात. सगळं पांढरं फटक होतं. मग एकदम आवाज खाली आला. "झोप तिथं," म्हणालात, आणि शेगडी तुम्हीच पेटवलीत.

शेजारणीने मरोदा गावच्या बैगाचं, तिथल्या मांत्रिकाचं, नाव सुचवलं. तो झाडतो, ताईत देतो, वर्षात पाळणा हलतो. बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव तुम्ही स्वतःच्या हाताने नदीत सोडून आला होतात. तिला तुम्ही शांतपणे सांगितलंत, "बाई, तुह्यी माया कळते मले. पण आमी ते सोडलं. आता आमाले डॉक्टरच आहे." त्या आठवड्यात तुम्ही कामावर खाडा केलात आणि मला प्लांटच्या दवाखान्यात घेऊन गेलात.

डॉक्टरीणबाई दक्षिणेकडच्या होत्या, हिंदी तुटक बोलायच्या. त्यांनी बराच वेळ पोट चाचपलं. "माँजी, बच्चा नहीं है। गाँठें हैं," त्या म्हणाल्या. पिशवीच्या अंगातच मांसाच्या गाठी वाढल्या होत्या, लहान-मोठ्या अनेक. कॅन्सर वाटत नाही, पण रक्त असंच जात राहिलं तर बाई जाईल. त्यांनी टेबलावर पालथी मूठ ठेवून आम्हाला समजावलं. एक रस्ता असा की सगळी पिशवीच काढायची. त्रास कायमचा मिटेल, मूल मात्र कधीच होणार नाही. दुसरा, पिशवी चिरून एकेक गाठ सोलून काढायची आणि पिशवी परत शिवायची. त्यात रक्त जास्त जातं, गाठी पुन्हा येऊ शकतात, आणि मूल होईलच असं वचन कुणी देऊ शकत नाही. काहींना होतं, काहींना होत नाही. आणि हेही सांगून ठेवते, त्या म्हणाल्या, टेबलावर रक्त थांबलं नाही तर जीव वाचवायला मला पिशवी काढावीच लागेल. मग त्यांनी तुमच्याकडे बघून विचारलं, "बताइए, क्या करना है?"

माझी नजर जमिनीवर. आता तुम्ही सांगाल आणि तसं होईल, असंच मी धरून चालले होते. कुठल्या सासूने काय सांगितलं असतं तेही मला ठाऊक होतं. तुम्ही डॉक्टरीणबाईंना म्हणालात, "मले काय विचारता? जिचं पोट आहे तिले विचारा."

माझं लग्न मला विचारून झालं नव्हतं. मी चौथीतून शाळा सोडली तेही मला विचारून नव्हतं. आणि इथे दोन मोठ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या. मी घाबरून तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही मुद्दाम खिडकीबाहेर बघत होतात, माझ्यावर तुमच्या चेहऱ्याचं दडपण येऊ नये म्हणून. शेवटी मी म्हटलं, "गाठी काढा, पिशवी राहू द्या." आवाज इतका बारीक निघाला की मला दोनदा सांगावं लागलं.

अंगात रक्तच नव्हतं, म्हणून आधी सुया आणि गोळ्या सुरू झाल्या. ताकद आल्यावर ऑपरेशन करू, असं ठरलं. त्याच दिवसांत, एका रविवारी, तुमचे थोरले भाऊ गावाहून आले. मी आत पडद्यामागे पडले होते. त्यांनी आधी भाताचं पीक, मग बैलाची बातमी सांगितली आणि मग मुद्द्यावर आले. त्यांची धाकटी पोरगी लग्नाची झाली होती. मामाची पोरगी, हक्काची. ती या घरात आली तर घरचं घरात राहील, आणि ही, म्हणजे मी, एका कोपऱ्यात पडून राहील, तिला कुणी टाकत नाही. "सरकारी नोकरीत चालत नसन तं गावाले ठेवू. कोण पाहते?" ते म्हणाले.

हे भिंतीला टेकून नखाने चुना खरडत होते. तो आवाज मला आतपर्यंत येत होता. तुम्ही ह्यांना विचारलंत, "तू काय म्हणतं?" हे म्हणाले, "माय, तू म्हणशील तसं." तुम्ही म्हणालात, "मी नाही म्हणत काही. बायको तुही आहे. तोंड आहे न तुले? बोल." बराच वेळ चुना खरडण्याचा आवाज येत राहिला, मग थांबला. "मले दुसरी नाही पायजे, मामा," हे म्हणाले. आत्याबाई, पुढे आमचा संसार कितीतरी वर्षं चालला, ह्यांनी मला कधी मोठ्याने गोड शब्द सांगितला नाही, पण ते एक वाक्य मला जन्मभर पुरलं. आणि ते तुम्ही त्यांच्याकडून काढून घेतलंत.

मामांना राग आला. बहिणीच्या वंशाची मला काळजी आहे, तिला नाही, असं काहीबाही बोलले. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला पहिल्यांदाच कळलं, आणि बहुधा ह्यांनाही. "दादा, मले पण तूच देलं होतं सवतीवर. इसरला?" तुम्ही म्हणालात. "थोरलीले लेकरू नव्हतं म्हणून मले आणली. तिचं पोट असंच वर आलं होतं. लोकं म्हणत, पोटात भूत बसलं. मी परकर नेसणारी पोरगी, तिचे कपडे मी धुतले. गोठ्याच्या बाजूले बाज टाकून देली होती तिले. तिनं मले कधी शिवी नाही देली. देली असती तं बरं झालं असतं. माह्या हातचं पाणी पेत पेत मेली ती." मग तुम्ही म्हणालात, "तुही पोरगी गुणाची आहे. तिले असं पाणी पाजायले नको लावू."

ते न जेवता उठले. तुम्ही दारापर्यंत गेलात, "दोन घास खाऊन जा" म्हणालात, पण ते थांबले नाहीत. त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी तुम्हाला बोलावलं नाही. तुमचं माहेर म्हणजे तो एक भाऊच होता. तुम्ही आत आलात, पडदा बाजूला केलात आणि मला जागी बघून म्हणालात, "ऐकलं न सगळं? आता रडत नको बसू, गोळी घे."

ऑपरेशनच्या सकाळी मला गाडीवर घालून नेताना तुम्ही चाकांबरोबर चालत होतात, दार बंद होईपर्यंत. ह्यांनी आणि ह्यांच्या कामाच्या गँगमधल्या एकाने रक्त दिलं होतं. रक्त दिलं की माणूस निकामी होतो असं तेव्हा सगळे मानत, तरी दिलं. मला आठवतो तो नाकावरचा उग्र वास, आणि मग पोटात आग, तहान, आणि तुमचा खरखरीत हात. मी पहिला शब्द विचारला तो पिशवीचा. "आहे," तुम्ही म्हणालात, "जागच्या जागी आहे. शिवून ठेवली." डॉक्टरीणबाईंनी काढलेल्या गाठी तुम्हाला बोलावून दाखवल्या होत्या. एक मोठ्या कैरीएवढी, बाकीच्या लिंबाएवढ्या, सुपारीएवढ्या, पांढऱ्या आणि घट्ट. हे तुम्ही मला नंतर सांगितलंत, भात कालवता कालवता. तुम्ही खूप वेळ बघत उभ्या राहिलात म्हणे. नर्सने दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. "भूत नव्हतं वो ते," तुम्ही मला म्हणालात. "थोरलीच्या पोटात हेच असन. काढून टाकलं असतं तं वाचली असती." तुम्हाला रडताना मी तेव्हाच पाहिलं, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही.

घरी आले तर खोलीत नवी बाज होती. मला जमिनीवरून उठता-बसता येणार नाही म्हणून तुम्ही लाकडं मिळवून, सुतळी विणून ती स्वतः केली होतीत. वजन उचलायचं नाही म्हटल्यावर कामावर जाण्याआधी तुम्ही सगळं पाणी भरून ठेवायचात. दिवसभर दुसऱ्यांची घमेली आणि पहाटे माझ्या बादल्या. मी उठायला गेले की आवाज चढायचा, "ऱ्हाऊ दे! शिवण उसवन."

वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत, पिशवी भरून येऊ द्यायची, असं बजावलं होतं. ते वर्ष सोपं गेलं, कारण तेव्हा वाट बघायचीच नव्हती. अवघड झालं ते त्याच्या पुढचं. पाळी आता शहाण्यासारखी येत होती, जात होती, आणि दर वेळी ती आली की मला वाटायचं, तुमचं माहेर माझ्यापायी गेलं आणि बदल्यात तुम्हाला हे. एकदा दिवस राहिले. तिसऱ्या महिन्यात गेले. मी त्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुम्ही कडेला येऊन बसलात. मला वाटलं, आता नशीब वगैरे काहीतरी बोलाल. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणालात, "आलं होतं न? मंग वाट आहे. बंद असती तं आलंच नसतं." डॉक्टरीणबाईंनीही पुढे जवळपास तेच सांगितलं, पण मी उठून बसले ती तुमच्या बोलण्याने.

मुलगी व्हायला त्यानंतर बरेच महिने गेले. शिवलेली पिशवी कळा सोसणार नाही, फाटेल, म्हणून कळा यायच्या आधीच दिवस ठरवून पोट उघडायचं ठरलं. त्याच रेघेवर. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, लड़की है, और माँजी, अंदर छोटी गाँठें फिर से हैं, दूसरे की उम्मीद मत रखना. ह्यांनी मान खाली घातली. तुम्ही विचारलंत, "दोघी बऱ्या आहेत?" आणि हो म्हटल्यावर सरळ बाजारात गेलात. आपल्या ओळीतल्या प्रत्येक दारात तुम्ही गूळ वाटलात. कुणीतरी म्हटलं, मुलीचा कशाला वाटता? तुम्ही म्हणालात, "माह्या घरी दोघी वाचल्या, त्याचा वाटून राहिली. घ्यायचा असन तं घे." दुसरं मूल झालंच नाही. त्यावरून तुम्ही कधी हूं की चूं केलं नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेत जायला लागली होती. तापाने आजारी काय पडलात आणि दोन आठवड्यांत संपलात. दवाखान्यात नेलं होतं, या खेपेला काही चाललं नाही. तुम्हाला पोचवायला गावाहून मामा आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी. तिचं लग्न गोंदियाकडे रेल्वेतल्या माणसाशी झालं होतं, कडेवर एक, हाताशी एक. तिला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सगळे निघून गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, आत्यानं तुले वाचवलं म्हणतात सारे. मले कोणी मोजत नाही. मले पण तं तिनंच वाचवलं." आम्ही दोघी खूप रडलो. पुढे ती जिवंत होती तोवर दरवर्षी तिच्याकडून जवसाची चटणी यायची.

आता मुलगी निवृत्त झाली आहे. नात रायपूरला नोकरी करते, घरी आली की निम्मं हिंदीतच बोलते. परवा त्या डॉक्टर मुलीने पडद्यावर दाखवलं, आत अजून एक वाळलेली गाठ आहे, हरभऱ्याएवढी. काही करायची नाही म्हणाली. मी म्हटलं, राहू दे बिचारीला.

तुम्हाला अक्षर येत नव्हतं. गावाहून आलेली पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायचे. म्हणजे हे पत्र तुम्ही असतात तरी मलाच तुमच्यासमोर बसून वाचावं लागलं असतं, आणि तेवढा धीर मला तेव्हा नव्हता, आजही नाही. तेव्हा हे कुठे जायचं नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी पिशवी राहू द्या म्हटलं, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, हिला लेकरू हवं आहे. ह्यांनाही तेच वाटलं. मी पण सगळ्यांना तसंच वाटू दिलं. खरं म्हणजे त्या खोलीत लेकराचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मी एवढंच बघत होते की काय म्हटलं म्हणजे मला तुमच्या घरातून जावं लागणार नाही.